क्लूमध्ये नावच नाही, तरी उत्तर सापडतं! लॉजिक पझल नेमकं सोडवायचं कसं?

"फक्त २ टक्के लोकांनाच हे कोडं सुटतं. बघा तुम्हाला जमतंय का!"

असा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी आला असेलच. खाली पाच घरं, पाच माणसं, कोणाचा कुत्रा, कोणाचा चहा. मग काय होतं? कोणीतरी दोन मिनिटांत उत्तर टाकतं. दुसरं कोणीतरी वेगळंच उत्तर टाकतं. दोघंही आपलंच बरोबर म्हणून अडून बसतात. तोवर गुड नाइटची फुलं यायला लागतात आणि खरं उत्तर काय होतं हे कोणालाच कळत नाही.

पण अशी कोडी सोडवायला खास डोकं लागतं, हाच मुळात गैरसमज आहे. लागते ती पद्धत. कागद, पेन आणि थोडा धीर असेल तर दहावीतला मुलगाही हे कोडं सोडवतो. आणि ही पद्धत फक्त टाइमपासची नाही. बँकेच्या परीक्षांमधल्या रिझनिंगच्या पेपरमध्ये आणि यूपीएससी, एमपीएससीच्या सीसॅटमध्ये याच जातीचे प्रश्न येतात. शिवाय समोर आलेल्या माहितीतून काय सिद्ध होतं आणि काय आपण मनाने जोडतोय, हा फरकही यातून कळतो.

म्हणून आज एक कोडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून बघू. विषय सगळ्यांच्या ओळखीचा आहे: घराचं वाढीव बांधकाम.

आधी कोडं वाचा

एका कॉलनीत शेजारी शेजारी पाच बैठी घरं आहेत. कुटुंबं अशी: पाटील, जोशी, शेख, कांबळे आणि फर्नांडिस. (नावं अर्थातच काल्पनिक आहेत.)

पावसाळ्याआधी प्रत्येकाने घराला काही ना काही जोडून घ्यायचं ठरवलं. कामं पाच: जादा बाथरूम, पोटमाळा, पडवी, गच्चीवरची खोली आणि गाडीसाठी शेड. प्रत्येक घरी यातलं एकच काम झालं आणि कोणतंही काम दोन घरी झालं नाही.

गवंडी मात्र सगळ्यांचा एकच. त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि मे या पाच महिन्यांत दर महिन्याला एकाच घरचं काम झालं. ज्या महिन्यात सुरू झालं, त्याच महिन्यात संपलं.

आता क्लू:

१. शेखांचं काम पाटलांच्या कामानंतर लगेच पुढच्या महिन्यात झालं.
२. कांबळेंचं काम जोशींच्या कामाआधी झालं.
३. गाडीची शेड शेखांच्या कामानंतर बांधली गेली.
४. जोशींचं काम पडवीच्या कामाआधी झालं, पण ते काम बाथरूमचं नव्हतं.
५. बाथरूमचं काम पोटमाळ्याच्या कामाआधी झालं.
६. पोटमाळा झाला आणि लगेच पुढच्या महिन्यात पडवीचं काम झालं.
७. मार्च संपला तेव्हा पडवी तयार होती.

प्रश्न दोन: गच्चीवरची खोली कोणी बांधली? आणि फर्नांडिस यांनी काय बांधलं?

आता क्लू पुन्हा एकदा नीट वाचा. काही खटकलं का? सातही क्लूमध्ये गच्चीवरच्या खोलीचा उल्लेख नाही. फर्नांडिस यांचं तर नावच नाही. आणि प्रश्न नेमके त्यांच्याबद्दलच आहेत!

स्वतः प्रयत्न करायचा असेल तर इथे थांबा. नाहीतर चला पुढे.

एकेक शक्यता तपासत बसलो तर?

पाच कुटुंबं पाच महिन्यांत किती प्रकारे बसतील? जानेवारीसाठी ५ पर्याय, फेब्रुवारीसाठी उरलेले ४, मग ३, मग २, मग १. गुणाकार केला की १२०. पाच कामंही पाच महिन्यांत अशीच १२० प्रकारे बसतात. कुटुंबाची कोणतीही रचना कामाच्या कोणत्याही रचनेबरोबर येऊ शकते, म्हणजे १२० गुणिले १२०. एकूण १४,४०० शक्यता.

एका शक्यतेला एक मिनिट दिलं तरी १४,४०० मिनिटं, म्हणजे २४० तास. दहा दिवस न झोपता. म्हणूनच "हे असं असेल का? नाही जमत. मग तसं असेल का?" या पद्धतीने गेलं की माणूस कंटाळून कोडं सोडून देतो. त्याला कोडं अवघड वाटतं, पण अवघड असते ती त्याने निवडलेली वाट.

डिडक्शन म्हणजे निष्कर्षाची पद्धत याच्या बरोबर उलट चालते. ती उत्तर शोधत नाही, जे उत्तर असूच शकत नाही ते बाजूला काढते. तांदूळ निवडतो तसं. खडे काढले की ताटात उरतो तो तांदूळ.

पायरी १: तक्ता काढा

डोक्यात सगळं ठेवायचा हट्ट करू नका. कागदावर तक्ता काढा. आपल्या कोड्यात तीन गट आहेत: कुटुंब, काम आणि महिना. प्रत्येक दोन गटांसाठी पाच बाय पाचचा एक चौकोन. कुटुंब आणि काम, कुटुंब आणि महिना, काम आणि महिना असे तीन चौकोन होतात. एकूण ७५ घरं.

नियम फक्त दोनच. एखादी जोडी शक्य नाही असं कळलं की त्या घरात फुली. एखादी जोडी नक्की झाली की बरोबरची खूण. आणि बरोबरची खूण केली रे केली की त्या ओळीतल्या बाकी चार आणि त्या उभ्या रांगेतल्या बाकी चार घरांत लगेच फुल्या मारायच्या. कारण एका घरी एकच काम आणि एका महिन्यात एकच घर. म्हणजे एक खात्रीची गोष्ट कळली की आठ गोष्टी फुकटात बाद होतात. बरेच जण घाईत हीच पायरी विसरतात आणि मग पुढे अडकतात.

पायरी २: पहिल्या क्लूपासून सुरुवात करायची गरज नाही

क्लू १ ते ७ या क्रमाने दिलेत म्हणून त्याच क्रमाने सोडवायचे असं काही नाही. उलट कोडं तयार करणारे क्लू मुद्दाम विस्कटून देतात.

मग सुरुवात कुठून? जिथे एकाच गोष्टीबद्दल एकापेक्षा जास्त क्लू आहेत तिथून. पडवी बघा. ती क्लू ४, ६ आणि ७ अशा तीन ठिकाणी आली आहे. पोटमाळा ५ आणि ६ मध्ये आहे. म्हणजे क्लू ५, ६ आणि ७ एकमेकांना अडकलेले आहेत. ते तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा:

बाथरूम पोटमाळ्याच्या आधी. पोटमाळ्यानंतर लगेच पडवी. आणि पडवी मार्च संपेपर्यंत तयार.

म्हणजे पडवीच्या आधी किमान दोन कामं झाली पाहिजेत: पोटमाळा आणि त्याच्याही आधी बाथरूम. पडवी जानेवारीत झाली असेल? नाही, आधी कोणताच महिना नाही. फेब्रुवारीत? नाही, मग पोटमाळा जानेवारीत जाईल आणि बाथरूमला जागाच उरणार नाही. मार्चनंतर? क्लू ७ मुळे शक्य नाही. उरला फक्त मार्च.

पडवी मार्चमध्ये. म्हणून पोटमाळा फेब्रुवारीत. म्हणून बाथरूम जानेवारीत.

बघा, अजून एकाही कुटुंबाचं नाव घेतलेलं नाही आणि पाचपैकी तीन कामांचे महिने ठरले. गच्चीवरची खोली आणि शेड यांच्यासाठी एप्रिल आणि मे उरले. कोणतं कधी, ते अजून माहीत नाही. माहीत नाही तर तिथे खूण करायची नाही. हा संयम फार महत्त्वाचा.

पायरी ३: आता माणसं बसवा

क्लू ४ म्हणतो, जोशींचं काम पडवीच्या आधी झालं. पडवी मार्चमध्ये आहे हे आता आपल्याला माहीत आहे. म्हणजे जोशींकडे जानेवारी किंवा फेब्रुवारी. पण जानेवारीत बाथरूम झालं आणि जोशींनी बाथरूम बांधलं नाही, हेही त्याच क्लूमध्ये सांगितलंय. म्हणून जोशी फेब्रुवारीत आणि त्यांचं काम पोटमाळ्याचं.

क्लू २ नुसार कांबळे जोशींच्या आधी. फेब्रुवारीच्या आधी एकच महिना आहे. म्हणून कांबळे जानेवारीत आणि त्यांचं काम बाथरूमचं.

हा क्लू २ सुरुवातीला किती फुसका वाटला होता! "कांबळे जोशींच्या आधी", यातून काय कळणार? पण जोशी सापडल्यावर त्याच क्लूने एका फटक्यात कांबळेंचं घर दाखवलं. म्हणून कोणताही क्लू एकदा वाचून टाकून द्यायचा नसतो. प्रत्येक नवीन खूण झाली की सगळे क्लू पुन्हा वाचायचे.

पायरी ४: दोन शक्यता उरल्या, आता काय?

उरले पाटील, शेख आणि फर्नांडिस. उरलेले महिने मार्च, एप्रिल, मे.

क्लू १ नुसार पाटलांच्या पाठोपाठ शेख. हे दोन प्रकारे होऊ शकतं. एकतर पाटील मार्च आणि शेख एप्रिल. किंवा पाटील एप्रिल आणि शेख मे.

इथे बरेच जण अंदाजाने एक पर्याय उचलतात. तसं करू नका. दोन्ही पर्याय कागदावर ठेवा आणि शिल्लक क्लूने तपासा. शिल्लक आहे क्लू ३: शेड शेखांच्या कामानंतर.

समजा शेख मे महिन्यात आहेत. मग शेड त्यानंतर, म्हणजे जूनमध्ये? पण कामं मेपर्यंतच झाली. जमत नाही. हा पर्याय बाद.

म्हणून शेख एप्रिलमध्ये, पाटील मार्चमध्ये. एप्रिलनंतर एकच महिना आहे, म्हणून शेड मेमध्ये. मग एप्रिलसाठी उरली गच्चीवरची खोली. आणि मे महिन्यासाठी उरलं एकच कुटुंब: फर्नांडिस.

पूर्ण उत्तर:

जानेवारी: कांबळे, बाथरूम
फेब्रुवारी: जोशी, पोटमाळा
मार्च: पाटील, पडवी
एप्रिल: शेख, गच्चीवरची खोली
मे: फर्नांडिस, गाडीची शेड

गच्चीवरची खोली शेखांनी बांधली. फर्नांडिस यांनी शेड बांधली. ज्यांच्याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता, त्यांचं सगळं कळलं.

१४,४०० वरून १ वर कसे आलो?

प्रत्येक टप्प्याला किती शक्यता उरल्या ते बघा. या पद्धतीची ताकद तिथेच कळते.

सुरुवातीला १४,४००. क्लू ५, ६, ७ एकत्र वापरल्यावर कामांच्या १२० पैकी फक्त २ रचना उरल्या, म्हणून २४०. क्लू ४ ने जोशी पक्के केले, उरल्या ४८. क्लू २ ने कांबळे पक्के केले, उरल्या १२. क्लू १ नंतर ४. आणि क्लू ३ नंतर १.

म्हणजे योग्य तीन क्लू एकत्र ठेवल्याबरोबर १४,१६० शक्यता एकाच वेळी बाद झाल्या. सुरुवात कुठून करायची, याला म्हणूनच इतकं महत्त्व आहे.

'जे उरलं तेच उत्तर': हा विचार नवा नाही

बाकी सगळं बाद करून जे उरतं ते स्वीकारायचं, याला आपल्याकडच्या तर्कशास्त्रात नाव आहे: परिशेष. न्यायसूत्रांमध्ये अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या 'शेषवत्' या प्रकाराचा अर्थ सांगताना भाष्यकार वात्स्यायनाने 'परिशेष' हा एक अर्थ दिला आहे. शक्य असलेल्या गोष्टींमधून एकेक नाकारत गेल्यावर जी शिल्लक राहते तिचं ज्ञान, असा त्याचा साधारण आशय. आपण फर्नांडिस यांच्या बाबतीत नेमकं हेच केलं.

युरोपात तर्काला खेळाचं रूप देणाऱ्यांमध्ये लुईस कॅरल यांचं नाव घेतलं जातं. हो, 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'वाले. ते ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवायचे आणि त्यांनी १८९६ मध्ये 'सिम्बॉलिक लॉजिक' नावाचं पुस्तक काढलं. त्यात गमतीशीर विधानांमधून निष्कर्ष काढायची उदाहरणं आहेत.

मग ते 'आइनस्टाइनचं कोडं' खरंच आइनस्टाइनचं आहे का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पाच घरांच्या कोड्यावर बहुतेक वेळा आइनस्टाइनचा फोटो असतो. त्यांनी ते लहानपणी तयार केलं, असंही लिहिलेलं असतं. याला काहीही पुरावा नाही.

या कोड्याची प्रसिद्ध आवृत्ती 'लाइफ इंटरनॅशनल' या मासिकात १७ डिसेंबर १९६२ च्या अंकात छापून आली. आइनस्टाइन १९५५ मध्येच वारले होते. त्या आवृत्तीत 'कूल' नावाच्या सिगारेटचा उल्लेख आहे आणि हा ब्रँड १९३३ मध्ये बाजारात आला. १८७९ मध्ये जन्मलेले आइनस्टाइन तेव्हा पन्नाशी ओलांडून गेले होते. लहानपणी त्यांना ही सिगारेट कुठून माहीत असणार? बघा, हाही एक निष्कर्षच झाला. दोन तारखा शेजारी ठेवल्या आणि निदान त्या रूपातलं कोडं लहानग्या आइनस्टाइनचं असूच शकत नाही, हे कळलं.

त्या कोड्यात १५ विधानं होती आणि शेवटी प्रश्न होते: पाणी कोण पितं आणि झेब्रा कोणाचा आहे? गंमत म्हणजे १५ विधानांमध्ये कुठेही ना पाण्याचा उल्लेख होता, ना झेब्र्याचा. आपल्या फर्नांडिस यांच्यासारखंच! पाच घरं आणि प्रत्येकाच्या पाच गोष्टी धरल्या तर तिथे एकूण शक्यता सुमारे २,४८८ कोटी होतात. तरीही कागद आणि पेनाने ते सुटतं. उत्तर: पाणी नॉर्वेचा माणूस पितो आणि झेब्रा जपानी माणसाचा.

आणि ते '२ टक्के लोकांनाच जमतं' वाक्य? मासिकातल्या कोड्यात असं काही नव्हतं. तो नंतर चिकटलेला मसाला. असं लिहिलं की आपण फॉरवर्ड करतो, एवढाच त्याचा उपयोग.

चुका कुठे होतात?

पहिली चूक, 'आधी' आणि 'लगेच आधी' यात गल्लत. "बाथरूम पोटमाळ्याच्या आधी झालं" याचा अर्थ एक महिना आधी असा होत नाही. दोन, तीन महिने आधीही असू शकतं. 'लगेच' हा शब्द असेल तरच शेजारचा महिना घ्यायचा. आपल्या कोड्यात 'लगेच' फक्त क्लू १ आणि ६ मध्ये आहे.

दुसरी चूक, वाक्याने सांगितलंय त्यापेक्षा जास्त वाचणं. क्लू ७ म्हणतो, मार्च संपला तेव्हा पडवी तयार होती. अनेक जण हे "पडवी मार्चमध्ये झाली" असं वाचतात. क्लू तसं म्हणत नाही. पडवी जानेवारीत झाली असती तरी मार्च संपताना ती तयारच असती. आपल्या कोड्यात उत्तर मार्चच आलं, पण ते क्लू ५ आणि ६ च्या मदतीने सिद्ध करावं लागलं. चुकीच्या वाटेने इथे बरोबर ठिकाणी पोहोचाल, पुढच्या कोड्यात हमखास फसाल.

तिसरी चूक, बाहेरची माहिती आत आणणं. "गच्चीवरची खोली म्हणजे मोठं काम, ते शेवटीच केलं असणार." "पोटमाळा तर एका आठवड्यात होतो." हे खऱ्या आयुष्यात ठीक असेल, पण कोड्यात दिलेलं नाही. (खऱ्या आयुष्यात गच्चीवर खोली चढवायची तर आधी महापालिकेची किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. कोड्यातल्या शेखांना ती चिंता नाही!)

चौथी चूक, उत्तर 'बसलं' म्हणजे संपलं असं समजणं. हा मुद्दा जरा सविस्तर बघू.

दोघांचीही उत्तरं बसतात, असं होतं का?

होतं. समजा कोणी हे कोडं पुढे पाठवताना क्लू ७ चुकून गाळला. मग ही रचना बघा:

जानेवारी: पाटील, बाथरूम
फेब्रुवारी: शेख, गच्चीवरची खोली
मार्च: कांबळे, शेड
एप्रिल: जोशी, पोटमाळा
मे: फर्नांडिस, पडवी

क्लू १ ते ६ एकेक करून तपासून बघा. सहाच्या सहा बसतात! आणि आपलं आधीचं उत्तरही बसतं. म्हणजे एका माणसाच्या मते फर्नांडिस यांनी पडवी बांधली, दुसऱ्याच्या मते शेड. दोघांकडेही आपल्या बाजूने सगळे क्लू आहेत आणि दोघंही प्रामाणिक आहेत. फक्त एक ओळ गळली आहे.

ग्रुपवरची भांडणं बऱ्याचदा अशीच होतात. म्हणून उत्तराची तपासणी दोन प्रकारे करायची असते. एक, हे उत्तर सगळ्या क्लूंमध्ये बसतं का? दोन, दुसरं कोणतंही उत्तर बसत नाही, हे मी दाखवू शकतो का? पहिला प्रश्न सगळेच विचारतात, दुसरा फार कमी जण. पण प्रत्येक पायरीला "म्हणून हेच, कारण बाकीचं शक्य नाही" असं म्हणता आलं असेल, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळालेलं असतं. अंदाजाने उचललेल्या पर्यायाने ते कधीच मिळत नाही.

परीक्षेत तर याची किंमत थेट गुणांत मोजावी लागते. आयबीपीएसच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. आणि एकाच पझलवर अनेक प्रश्न असतात. म्हणजे सुरुवातीला एक अंदाज चुकला की त्या संचातले बरेचसे प्रश्न पाठोपाठ कोसळतात. मग वेळ जातो तो वेगळाच.

घरातली ओल आणि हीच पद्धत

आता कोड्यातून बाहेर येऊ. समजा तुम्ही खरंच घराला नवीन बाथरूम जोडलं आणि काही महिन्यांनी भिंतीला ओल आली. प्लंबर म्हणतो पाइप फोडू, गवंडी म्हणतो वॉटरप्रूफिंग करू, शेजारी म्हणतात पावसाचं पाणी आहे. प्रत्येकाचं ऐकलं तर खर्च तिप्पट.

इथे तोच तक्ता काढा. संशयित तीन: पाऊस, पाण्याची लाइन आणि बाथरूमच्या फरशीतून किंवा सांडपाण्याच्या लाइनमधून होणारी गळती.

ओल भर उन्हाळ्यातही वाढत असेल तर फक्त पावसाला दोष देता येत नाही. रात्री टाकी भरून पाण्याच्या पातळीची खूण करा, टाकीत येणारं पाणी आणि घरातले सगळे नळ बंद ठेवा, फ्लश वापरू नका. सकाळी पातळी उतरली असेल तर टाकी किंवा तिथून खाली येणारी लाइन गळतेय. उतरली नसेल तर संशय फरशी आणि सांडपाण्याकडे सरकतो. एकही टाइल न फोडता यादी लहान झाली.

पण इथे एक सावधगिरी हवी. कोड्यात पाचच कुटुंबं आहेत हे आधीच सांगितलेलं असतं. खऱ्या आयुष्यात यादी पूर्ण आहे याची हमी कोणी देत नाही. शेजारच्या घराच्या बाथरूमची भिंत आपल्या भिंतीला लागून असेल तर? किंवा ओल जमिनीतूनच वर चढत असेल तर? हे चौथे, पाचवे संशयित यादीतच नसतील तर "जे उरलं तेच कारण" हा निष्कर्ष सपशेल चुकतो.

बातम्या आणि फॉरवर्डच्या बाबतीतही हेच. "अमुक नाही, तमुक नाही, म्हणजे हेच खरं कारण" असा मेसेज आला की आधी विचारा: यादी पूर्ण आहे का? की सांगणाऱ्याने दोनच पर्याय ठेवून तिसरा मुद्दाम झाकलाय?

थोडक्यात लक्षात ठेवा

तक्ता काढा. एकमेकांना अडकलेल्या क्लूंपासून सुरुवात करा. नक्की झालं तेवढंच लिहा. प्रत्येक नवीन खुणेनंतर सगळे क्लू पुन्हा वाचा. दोन पर्याय उरले तर दोन्ही तपासा, अंदाज नको. आणि शेवटी, आपलं उत्तर बसतं एवढ्यावर थांबू नका, दुसरं का बसत नाही हेही बघा.

जाता जाता एक गृहपाठ. वरच्या कोड्यात क्लू ७ परत घ्या आणि आता क्लू २ काढून टाका. जोशी, पाटील आणि शेख यांची उत्तरं बदलत नाहीत. पण दोन कुटुंबांच्या बाबतीत घोळ होतो. कोणती दोन आणि का? कागदावर करून बघा, पाच मिनिटांत सापडेल. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर '२ टक्के'वालं कोडं आलं की उत्तरासोबत कारणही टाका!